बंद मशीनचं वय

बंद असलेलं मशीन झिजत नाही, अशी माझी कितीतरी वर्षं खात्री होती. मत नव्हे, खात्रीच. नोकरी सगळी गॅस टर्बाइनच्या देखभालीत गेली, ओव्हरहॉल हाताखालून गेले, पण ही समजूत एकदा तपासून पाहावी असं कधी वाटलं नाही.

आमच्या कामात वय तासांत मोजतात. आमच्या प्रकारच्या मशीनचा ढोबळ हिशेब असा: 8,000 तासांनी ज्वलनकक्ष उघडायचे, 24,000 तासांनी गरम वायूच्या वाटेतल्या ब्लेड पाहायच्या, 48,000 तास झाले की केसिंग उचलून सगळंच तपासायचं. ज्योत विझली की तासांचा काटा थांबतो. काटा थांबला की वयही थांबलं, असं मी धरून चाललो होतो. ज्योत विझल्यावर गरम रोटर हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो वाकतो. तेवढं आम्ही नेमाने करायचो. रोटर थंड झाला, फिरवणं थांबलं की माझ्या लेखी मशीन झोपलं.

2001 च्या मे महिन्यात दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला तेव्हा सगळीकडे वाद चालला होता तो कराराचा आणि विजेच्या दराचा. मी चहाच्या टेबलावर सांगत होतो, "पैशांचं काय व्हायचं ते होवो, मशीन तरी शाबूत राहतील. उद्या इंधन आलं की बटण दाबायचं." तिथे पुन्हा वीज तयार व्हायला 2006 उजाडलं. मधल्या पावसाळ्यांनी त्या मशीनचं काय केलं असेल, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही.

मग पाळी आमची आली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस 2009 मध्ये यायला लागला तेव्हा आमच्या क्षेत्रात सगळे हवेत होते. 2013 पर्यंत वीजकेंद्रांच्या वाट्याचा तो गॅस आटला. देशभर गॅसवरची केंद्रं थंडावली, तशी समुद्राकाठची आमची काही युनिटंही. तेव्हा खालून एक प्रस्ताव आला: बंद युनिटं धुऊन घ्यावीत, हवा आत येण्याची वाट बंद करावी, डिह्युमिडिफायर लावून कोरडी हवा फिरवावी, रोटर अधूनमधून फिरवावा. "बंद मशीनला एसी कशाला?" असं म्हणून मी हसलो. फाईलवरचा शेरा अर्थात सभ्य होता: 'सद्यःस्थितीत आवश्यकता दिसत नाही.'

प्रस्तावामागे आमचे एक जुने फिटर होते. सगळे त्यांना दादा म्हणत. ते म्हणाले, "साहेब, गावचं घर बंद ठेवलं की दोन पावसाळ्यांत वासे जातात. राहतं घर टिकतं." मी म्हणालो, "दादा, हे स्टेनलेस आहे, फणसाचं लाकूड नाही." चारचौघांत बोललो. लोक हसले. खर्च वाचवणारा अधिकारी म्हणून माझं नाव होत होतं, त्यामुळे ती समजूत मला सोयीची होती. सोयीची नसती तर कदाचित तपासली असती.

पुढे थोडा गॅस मिळायची चिन्हं दिसली आणि एक युनिट चालू करायचं ठरलं. त्याआधी कॉम्प्रेसरच्या तोंडापाशी आत शिरून पाहणी करायची पद्धत आहे. मी, दादा आणि एक तरुण इंजिनिअर आत गेलो. बाहेरून रोटर हळूहळू फिरवत होते आणि पहिल्या रांगेच्या ब्लेड एकेक करून बॅटरीच्या उजेडात येत होत्या. त्यांच्यावर बारीक काळे ठिपके होते. मी म्हणालो, धूळ आहे. दादांनी फडक्याने पुसलं. धूळ गेली, ठिपके राहिले. मग मी नख फिरवलं. नख अडकलं.

तरी मी लगेच मानलं नाही. आधी म्हणालो, डाग असतील. मग म्हणालो, धातूतच दोष असेल. शेवटी लाल रंगाची तपासणी केली. ब्लेडवर रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी फवारणी करायची. जिथे खड्डा किंवा भेग असेल तिथून आत मुरलेला रंग वर येतो. थोडा वेळ सगळं पांढरंच होतं. मला हायसंही वाटलं. मग एकेक लाल ठिपका उमटायला लागला. ठिपका गोल असेपर्यंत तो खड्डा. एका ब्लेडच्या मुळाशी मात्र ठिपक्यातून एक आखूड रेघ निघाली होती. तो तडा होता.

या ब्लेडच्या पोलादात बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. साध्या हवेत ते टिकतं. खारट ओल अंगावर बसून राहिली की त्याला खड्डे पडतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही असेल. मशीन मिनिटाला 3,000 फेरे घेतं. त्या वेगात अशा खड्ड्यापाशी ताण गोळा होतो आणि तडा वाढत जातो. पुढची एक ब्लेड तुटली तर मागच्या रांगा फोडत जाते, आणि आमच्या कॉम्प्रेसरमध्ये रांगा सतरा. मी मात्र बटण दाबायच्या गोष्टी करत होतो.

दादा त्या दिवशी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

एक खात्री गेली तशी दुसरीही डगमगली. मशीन पूर्ण लोडवर ट्रिप झालं, म्हणजे आपोआप एकदम बंद पडलं, की मी म्हणायचो, वाचलं, स्वतःला सांभाळलं त्याने. पण ज्योत एकदम विझते तेव्हा गरम ब्लेडचा पातळ भाग झटकन निवतो, जाड भाग तापलेलाच राहतो आणि धातू आतल्या आत ओढला जातो. बनवणाऱ्यांच्या हिशेबात असा एक ट्रिप गरम ब्लेडना आठ साध्या स्टार्टइतका महाग पडतो. त्या हिशेबाचा तक्ता माझ्या कपाटात होता. मी तासांचा रकाना वाचायचो, स्टार्टचा नाही. आता दिवसा सौरवीज असते, म्हणून गॅसची मशीन संध्याकाळच्या मागणीपुरती चालवायचं बोललं जातं. तिथे तासांपेक्षा स्टार्टच आधी भरतील.

कधीकधी वाटतं, मी आता उलट्या टोकाला जातोय. गंजू नये म्हणून मशीन चालवत बसणं हाही वेडेपणाच. त्यात गॅस जळतो आणि स्टार्टही वाढतात. नीट ठेवलेलं मशीन वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. आतल्या हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवायची. पण त्याआधी मीठ धुऊन काढायचं, कारण मीठ त्याहून कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतं. हा क्रम दादांच्या प्रस्तावात बरोबर होता.

ब्लेड बदलल्या. खर्च डिह्युमिडिफायरच्या कितीतरी पट आला. मग कोरड्या हवेचा नवा प्रस्ताव मीच लिहिला. जुन्या शेऱ्याचा उल्लेख करायचं धाडस काही झालं नाही. 'बदललेल्या परिस्थितीत आवश्यक' असं लिहून सही केली. परिस्थिती काहीच बदलली नव्हती.