नाही म्हणणारा तांडेल

भाजी निवडून घ्यावी, आंबा निवडून घ्यावा आणि जावई तर फारच निवडून घ्यावा, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांतून लहानपणापासून शिकवले जाते. पण होडी कशी निवडावी हे मला वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटेपर्यंत कोणी शिकवले नव्हते. पुण्यात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला होडीची गरज ती काय पडणार? पडलीच तर संतांच्या अभंगांत. आणि तिथे भवसागर तारून नेणारा नावाडी ठरलेलाच असतो. त्याच्याशी भाड्याची घासाघीस करावी लागत नाही.

ती वेळ गेल्या दिवाळीच्या सुटीत आली. भाऊबीज आटोपून आम्ही चौघे मालवणला निघालो. सौ.ला समुद्रकिनारी नुसते बसायचे होते, कन्येला डॉल्फिन पाहायचे होते आणि अकरा वर्षांच्या चिरंजीवांची एकच अट होती : खोल समुद्रात जाऊन गळाने मासा धरायचा. मला स्वतःला सिंधुदुर्ग पाहायचा होता. १६६४ साली ज्याचे काम सुरू झाले तो जलदुर्ग आपण वर्गात नुसता तोंडाने बांधतो याची मला थोडी लाज वाटत होती. किल्ला पहिल्याच दिवशी पाहून झाला आणि मग घरात मासा, मासा आणि मासा याखेरीज दुसरा विषय उरला नाही.

आमचा मुक्काम देवबागला होता. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. आमच्या घरमालकीणबाईंच्या ओटीवर बसले की लाटांचा आवाज येई आणि मागच्या दारी गेले की नदीत उभ्या होड्या दिसत. गावाच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगव्याचा किनारा. समुद्रात जाणाऱ्या बहुतेक होड्या या मुखातूनच बाहेर पडतात.

पंचमीच्या दुपारी किनाऱ्यावर एक तरुण भेटला. बोलण्यात चलाख, अंगात टोपीपासून बुटांपर्यंत मुंबईचा थाट. मोबाइलवर त्याने चिरंजीवांच्या उंचीची सुरमई धरून उभ्या राहिलेल्या पर्यटकांची छायाचित्रे दाखवली. "उद्या सकाळी दहाला या, सर. आरामात नाश्ता करून या. मासा मिळणारच. नाही मिळाला तर पैसे परत!" चौघांचे तीन हजार रुपये. मी तिथल्या तिथे पाचशे रुपये विसार दिला आणि कर्तव्यदक्ष पित्याच्या चालीने घरी आलो.

"अहो, जॅकेटं किती आहेत त्याच्याकडे?" सौ.ने विचारले.

ते विचारायचे राहिले होते. परत जाऊन विचारले तेव्हा कळले की जॅकेटे चार आणि आमच्याबरोबर आणखी पाच जण येणार. "पाणी शांत असतं हो, वहिनी. कुणी घालतच नाही ती." शिवाय किल्ल्याजवळच्या खडकांत गळ टाकू, तिथे मासाच मासा आहे, असेही त्याने उत्साहाने सांगितले.

हे ऐकून घरमालकीणकाकू हसल्या. मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि किल्ला, पद्मगड व त्यांच्याभोवतीचे पाण्याखालचे खडक हा तर त्याचा गाभा. माशांनी अंडी घालावीत, पिल्ले वाढावीत म्हणून जी जागा राखून ठेवली, तिथेच हा गृहस्थ आम्हाला गळ टाकायला नेणार होता! काकू म्हणाल्या, "आमच्या आबांका विचारून बघा."

आबा म्हणजे त्यांचे चुलतसासरे. साठीपलीकडचे, गाबीत समाजातले, होडीचे तांडेल. ओटीच्या कडेला बसून जाळे विणत होते. मी माझी इच्छा सांगितली. त्यांनी दर सांगण्याऐवजी मलाच प्रश्न विचारायला आरंभ केला. पोहता कोणाकोणाला येते? बसच्या प्रवासात कोणाला ओकारी होते? धाकट्याचे वजन किती? परत कधी जायचे आहे? इतकी वर्षे तोंडी परीक्षा घेतल्या, पण देण्याचा प्रसंग बऱ्याच काळाने आला आणि मी बहुधा नापास झालो. कारण चौघांपैकी तिघांना पोहता येत नव्हते, आणि ज्या एकाला येत होते त्याचे शिक्षण पुण्याच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात झाले होते.

"उद्या नाय," आबा म्हणाले. "सप्तमीक फाटफटी येवा."

सप्तमीच्या सकाळी तर आमची परतीची बस होती! तिकिटे काढलेली, दुसऱ्या दिवशी महाविद्यालय उघडणार. मी समुद्राकडे बोट दाखवले. आकाश निळे, पाणी चकचकीत, वारा मंद. यात भिण्यासारखे काय आहे? आबांनी मला पाण्याकडे नीट पाहायला लावले. लाटा उंच नव्हत्या, पण लांब होत्या. एक आली की बऱ्याच वेळाने दुसरी येई आणि किनाऱ्याशी येऊन जड आवाजाने कोसळे. दूर कुठेतरी समुद्रात हवा बिघडली की तिथला वारा इथवर पोचत नाही, पण त्याने उठवलेली लाट पोचते. दिवाळीचा समुद्र म्हणजे शांत समुद्र, हा आपला घाटावरचा समज. २००९ च्या ११ नोव्हेंबरला फयान वादळ कोकणाच्या किनाऱ्यावर आले ते दिवाळीनंतरच. आणि २०१९ मध्ये क्यार वादळ ऐन दिवाळीत किनाऱ्यापासून दूर समुद्रातून गेले, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गाचा किनारा झोडपून काढला.

मग त्यांनी मला तिथीचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे षष्ठीच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला नदीच्या मुखावर पाणी सर्वांत उथळ. आणि बाहेरून आलेली लांब लाट उथळ पाण्यात शिरली की उभी राहते आणि फुटते. त्याच सुमाराला खारा वारा सुरू होतो तो वेगळाच. ज्या वेळेला आम्ही आरामात नाश्ता करून निघणार होतो, ती वेळ नाश्त्याच्या सोयीची होती, समुद्राच्या नव्हे. पुनवेच्या नि अवसेच्या उधाणात पाण्याची ओढ जोराची. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटी दोन्ही मवाळ. गणित इतके सोपे होते की एम.ए.ला विशेष श्रेणी मिळवणाऱ्या माणसालाही ते समजले.

समजले, पण पटले नाही. पाचशे रुपये विसाराचे, परतीची तिकिटे, वर एक दिवसाची किरकोळ रजा, आणि आबांचा दर साडेचार हजार! मी थोडा चिडूनच म्हणालो, "पण तुमच्या गावचे लोक आज गेलेच आहेत की समुद्रात!"

आबांनी हातातली सुई थांबवली. "पोटासाठी जातत ते. तुमचो काय पोटाचो प्रश्न? मजेसाठी दर्याची परीक्षा घेव नये, मास्तरांनू."

थोड्या वेळाने ते आपणच म्हणाले, "मासो गावतलो असा मी सांगूचंय नाय. तुमका परत हाडीन, ह्या सांगतंय."

त्या रात्री आमच्या घरात शांतता होती. सौ.ने एकच वाक्य उच्चारले : "मी मुलांना उद्या पाठवणार नाही." चिरंजीव रडून झोपले. मी आपला नदीकडे पाहत बसलो आणि मनाशी बेरीज-वजाबाकी करीत राहिलो. दोन दरांतला फरक दीड हजारांचा. वाचकहो, खरे सांगायचे तर घरात मतदान झाले असते, तर माझे मत तीन हजारांच्या होडीला पडले असते.

षष्ठीला सकाळी पाय मोकळे करायला आम्ही संगमापर्यंत गेलो. आबाही तिथेच वाळूवर येऊन बसले होते. दहाच्या सुमाराला ती होडी निघाली. माणसे हात हलवत होती, कोणी गाणे म्हणत होते. मुखाशी गेल्यावर पहिल्या लाटेने नाळ वर उचलली, खाली आपटली, आणि यंत्राचा आवाज बंद पडला. होडी आडवी झाली. दुसरी लाट तिच्या कुशीवर आदळली आणि आतले पाणी इकडून आम्हाला दिसले. हाताशी वल्हे नव्हते, नांगर टाकायचे कोणाला सुचले नाही. आबा उठून उभे राहिले होते. काही बोलले नाहीत. सुदैवाने मासे घेऊन परत येणारी एक होडी जवळ होती. तिने दोर फेकला आणि यांना ओढून आत आणले.

सगळे सुखरूप उतरले. जॅकेटे ज्यांच्या हाती आधी लागली त्यांनी घातली होती; पाचेक वर्षांचे एक मूल आईच्या मांडीवर तसेच होते. ती बाई वाळूवर बसली आणि मुलाला धरून कितीतरी वेळ बसूनच राहिली. दोर बांधला गेल्यावर आबा पुन्हा खाली बसले. चिरंजीवांनी माझा हात धरला होता, तो घरी येईपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. दुपारी मी तिकिटे रद्द केली आणि महाविद्यालयाला रजेचा अर्ज पाठवला.

सप्तमीला पहाटे पाच वाजता, अंधारात, पाठीवर मतलई वारा घेऊन आम्ही निघालो. लाट खरोखरच उतरली होती. आबांनी आदल्या संध्याकाळी मला होडी दाखवून ठेवली होती आणि काय पाहायचे तेही सांगितले होते. नाळेवर नोंदणीचा क्रमांक आहे की नाही. जॅकेटे माणशी एक आहेत का, मुलाच्या मापाचे आहे का आणि त्यांचे पट्टे लागतात का. यंत्र बंद पडले तर वल्ही आहेत का. नांगर नि पुरेसा दोर, पिण्याचे पाणी, पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, आणि हाताखाली दुसरा जाणता माणूस. आमच्या होडीवर आबांचा पुतण्या होता. होडी आम्ही चौघांनीच घेतली होती, गर्दी नव्हती. पकडलेला मासा कोणाचा, हेही आधीच ठरले : आमच्या जेवणापुरता आमचा, उरला तर त्यांचा. पोट अगदी रिकामे ठेवू नका, मळमळले तर खाली पाहू नका, दूर क्षितिजाकडे पाहा, असे सांगून काकूंनी आल्याचे तुकडे दिले होते.

निवतीच्या बाजूला, अभयारण्याची हद्द सोडून, एका खडकाळ जागी नांगर पडला. इथे काठी-बिठी काही नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी, टोकाला शिशाचे वजन आणि गळ, गळाला कोलंबीचा तुकडा. शिसे तळाला लागले की हातभर वर उचलायचे आणि दोरी तर्जनीवर धरून बसायचे. मासा येतो तो आधी बोटाला कळतो. पहिल्या तासात मला तीनदा कळला आणि तिन्ही वेळा मी हिसका दिला. गळ मोकळा आला. आबांनी चिरंजीवांचे बोट आपल्या हाताने दोरीवर ठेवले. "घाई नाय. तेका खावंदे." जरा वेळाने दोरी ताठ झाली आणि लालसर तांबोशी वर आली; वीतभर लांब, पण झळझळीत. असा आनंद त्या पोराच्या चेहऱ्यावर मी त्याच्या प्रगतिपुस्तकाच्या दिवशी कधी पाहिलेला नाही.

त्यानंतर चार राणे मासे मिळाले आणि एक गोबरा. दोन अगदी लहान होते, ते आबांनी पाण्यात सोडून दिले. सुरमईसाठी मागे सोडलेल्या दोरीला एकदा मोठा हिसका बसला, पण नुसता गळच हलत परत आला. डॉल्फिन दिसले नाहीत. कन्येने ते आबांच्या हिशेबात मांडले. पूर्वी याच गळाला पुष्कळ मासा लागे, हल्ली मोठ्या जाळ्यांच्या बोटींमुळे किनाऱ्याजवळ कमी येतो, म्हणून तर पर्यटकांना नेण्याचा जोडधंदा करावा लागतो, हे आबांनी सांगितले, तेही कोणाला शिव्या न देता.

आठ वाजता, मासे लागू लागले असतानाच, त्यांनी नांगर उचलला. "आणखी अर्धा तास?" मी विचारले. त्यांनी पश्चिमेकडे पाहिले आणि मान हलवली. या खेपेला मी वाद घातला नाही. नऊला आम्ही पुन्हा वाळूवर होतो आणि दुपारी काकूंनी केलेले तांबोशीचे सार, चिरंजीव शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवीत होते.

आता कोणी कोकणात जायला निघाले आणि होडी कशी निवडावी असे मला विचारले, की जॅकेटे, वल्ही, नोंदणी हे सगळे मी सांगतोच. पण सर्वांत आधी सांगतो ते हे : किनाऱ्यावर गेल्यावर दोघा-तिघांना भाव विचारा, आणि "आज नको" असे म्हणणारा कोणी भेटतो का पाहा. भेटला, तर होडी सापडली असे समजा. तो गिऱ्हाईक घालवायला तयार आहे, याचा अर्थ त्याला तुमच्यापेक्षा समुद्र अधिक कळतो.

या दिवाळीत पुन्हा देवबागचा बेत आहे. मी फोन केला तेव्हा आबांनी पहिल्यांदा तिथी विचारली. ती पाहून आम्ही जाण्याचा दिवस ठरवला आहे. परतीची तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत.