नरसीहून औंढ्यास

हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा निघाला. परंतु या भूमीचा लौकिक फार जुना आहे. कयाधू नदीच्या कांठचें नरसी हें संत नामदेवांचें जन्मग्राम म्हणून पूज्य मानिलें जातें, आणि याच जिल्ह्यांत औंढ्यास नागनाथाचें प्राचीन देवालय आहे. या दोन स्थळांची यात्रा करणाऱ्यानें नामदेवचरित्रांतील एक कथा मनांत बाळगावी.

लहानपणीं नामदेवांच्या हातचा नैवेद्य विठोबानें भक्षिला व पुढें तो त्यांच्याशीं प्रत्यक्ष बोलूं लागला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्यास असा साक्षात्कार, त्यास शंका कोठून यावी? ती आली संतमंडळींतच. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनीं थापटणें घेऊन, मडकीं पारखावीं त्याप्रमाणें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें. इतर स्वस्थ राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि हें मडकें कच्चें ठरलें. ते दुखावून पंढरीस परतले, तों खुद्द विठोबानेंहि तोच निर्णय देऊन त्यांस विसोबा खेचरांकडे धाडिलें, असें आख्यायिका सांगते.

औंढ्याचें देवालय हेमाडपंती बांधणीचें असून त्याच्या बाह्य भिंती शिल्पांनीं भरलेल्या आहेत. गाभारा जमिनीखालीं आहे; अरुंद वाटेनें वांकूनच आंत उतरावें लागतें. येथें विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांस दिसले. त्यांनीं पाय काढण्याची विनंती करितांच विसोबा म्हणाले, देव जेथें नसेल तेथें ते तूंच नेऊन ठेव. नामदेवांनीं पाय जिकडे वळविले तिकडे पिंडी दिसूं लागली. हे विसोबाहि एके काळीं ज्ञानेश्वरादि भावंडांची निर्भर्त्सना करीत असत. तो ताठा गळाल्यावरच ते त्यांचे शिष्य झाले.

चमत्कार कोणी मानो वा न मानो, कथेंतील प्रश्न टळत नाहीं. नामदेवांची विठ्ठलभक्ति खोटी ठरली नाहीं; देव आपल्या ओळखीच्या मूर्तीपुरताच आहे, ही खात्री मात्र गेली. पुढें दूर पंजाबांत घुमान येथें त्यांचें स्थान पूज्य झालें, आणि १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या धर्मग्रंथांत त्यांचीं ६१ पदें आलीं. तरी पंढरपुरास महाद्वारीं नामदेवांची पायरी आहेच.

नागेश ज्योतिर्लिंग औंढ्याचें कीं द्वारकेजवळचें, हा वाद अद्याप चालतो. नामदेवांचें जन्मस्थानहि कोणी पंढरपूर सांगतात. सर्व निःसंशय व्हावें म्हणून येथें येणाऱ्याची निराशा होईल. परंतु श्रद्धा व शंका एकाच भक्ताच्या ठायीं नांदूं शकतात, एवढें त्यास येथें खचित उमजेल. घरीं देवघरापुढें एखाद्या मुलानें, देव येथेंच कां, असें विचारिलें, तर अश्रद्ध म्हणून त्यास गप्प करण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं औंढ्याचा गाभारा आठवावा. तेथें हाच प्रश्न गुरूनें शिष्यास घातला होता.