पंख्याची निवड

गेल्या वैशाखात आमच्या घरात पंख्यावरून जो वाद माजला, तसा राजकारणावरूनही आजवर कधी माजला नव्हता. पंखा म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे छतास टांगलेला पंखा उभा राहील, किंवा फार तर जुन्या माजघरातील खुंटीस अडकवलेला वाळ्याचा पंखा. आमच्या वादाचा विषय या दोहोंपैकी नव्हता. तो पंखा आमच्या जुन्या फियाट मोटारीच्या बॉनेटखाली, रेडिएटरच्या पाठीमागे फिरत असतो, आणि आम्ही आजवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. जी वस्तू आपले काम मुकाट्याने करते, तिच्याकडे पाहण्याचा प्रघात मनुष्यजातीत फारसा नाही.

ही मोटार आमच्या वडिलांनी १९७१ साली मुंबईस घेतली. तिची आणि आमची उमर जवळजवळ एकच. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये बनलेली ती '११०० डिलाइट'. पुढे याच गाडीस 'पद्मिनी' हे नाव मिळाले. तिचे उत्पादन थांबून आता दोन तपांचा काळ लोटला, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. वडील गेल्यावर ही गाडी आमच्याकडे आली. आम्ही पुण्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. यंत्रविद्येशी आमचा संबंध शब्दकोशापुरताच आहे.

दर उन्हाळ्यात ताम्हिणी घाट उतरून, निजामपूर, माणगाव, म्हसळा या वाटेने आम्ही श्रीवर्धनास आमच्या घरी येतो. यंदा मातोश्रींनी अट घातली की, येईन तर 'ह्यांच्या गाडीतून' येईन. त्यांचे वय ब्याऐंशी. पुढच्या वर्षीची गोष्ट त्या हल्ली बोलत नाहीत. तेव्हा अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

माणगाव सोडल्यावर घोणसे घाटात एका भरलेल्या मालमोटारीच्या मागे आम्ही अडकलो. दुपारचे दोन वाजलेले, गाडी पहिल्या गतीत कण्हत चाललेली. पाहता पाहता उष्णतेचा काटा तांबड्या खुणेस भिडला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली. आम्ही गाडी कडेस घेतली, बॉनेट उघडले, आणि रुमालात धरून रेडिएटरचे झाकण फिरविले. पुढे काय झाले ते आमच्या उजव्या मनगटावरील डाग अद्याप सांगतो.

या झाकणाचे रहस्य आम्हांस मागाहून कळले. ते पाण्यास दाबून धरते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन अंगावर झेपावते. वडिलांना हे ठाऊक होते. याच घाटात गाडी तापली म्हणजे ते म्हणत, "झाकणाला हात लावण्याआधी एक गोष्ट सांगून संपली पाहिजे." आणि दगडावर बसून ते सांगू लागत. श्रीवर्धनच्या देशमुखीवरचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्द्याच्या जाचामुळे गाव सोडून देशावर कसे गेले आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे कसे झाले, हे आम्ही शाळेत शिकण्यापूर्वी याच वळणावर शिकलो. पेशवाईची वस्त्रे मिळेपर्यंत रेडिएटर निवलेला असे.

संध्याकाळी कसेबसे श्रीवर्धन गाठले. ओसरीवर आमच्या हातास मलम लावता लावता चिरंजीवांनी निर्वाणीचा खलिता दिला. "बाबा, एक तर हिला चांगला विजेचा पंखा बसवा, नाहीतर गाडी विकून टाका. आजीला घेऊन पुन्हा त्या घाटात मी उभा राहणार नाही." गाडीस गिऱ्हाईक होते, हौशी लोक अशा गाड्यांस हल्ली चांगली किंमत देतात. मातोश्री झोपाळ्यावर बसून सर्व ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवसापासून पंख्यांचा अभ्यास सुरू झाला. चिरंजीवांचा पक्ष असा की, गाडीचा मूळ पंखा हा पराधीन. तो पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसलेला असतो आणि त्यास इंजिनचा पट्टा फिरवितो. इंजिन मंद झाले की पंखाही मंद. म्हणजे घाटात, जेव्हा वाऱ्याची निकड सर्वांत अधिक, तेव्हाच तो आळसावतो. विजेच्या पंख्यास इंजिनच्या गतीशी कर्तव्य नाही. सबब जुना काढावा आणि चौदा इंची विजेचा बसवावा. शेजारी एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालक राहतात. त्यांचा विजेवर विश्वास नाही. त्यांच्या मते जुन्याच दांड्यावर अधिक पात्यांचा पंखा चढविला की काम भागते. आमचा पक्ष कोणता, असे कोणी विचारील तर तो 'पंखा आहे तोच राहावा' असा होता, आणि त्यास कारण काहीच नव्हते. वडिलांच्या हातची वस्तू बदलू नये, एवढेच. जुन्या वस्तूंचे भक्त बहुधा असेच असतात. कारणे देण्याचे काम ते विरोधकांवर सोपवितात.

तिन्ही पक्ष घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. हे वृद्ध गृहस्थ वडिलांच्या वेळेपासून या गाडीस ओळखतात. त्यांनी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले, हात पुसले आणि विचारले, "ते सगळं बरोबर, प्रोफेसरसाहेब. पण गाडी तापते केव्हा?"

आम्ही म्हणालो, "घाटात."

"घाटातच? सपाटीला, जोरात चालवताना बघितलंत कधी काट्याकडे?"

तीस वर्षे विद्यार्थ्यांस प्रश्न विचारून आमची उपजीविका चालली आहे. परंतु इतका साधा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावू लागली की समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची तेथे फारशी गरजच नसते. पंखा लागतो तो गाडी रेंगाळते किंवा उभी राहते तेव्हा. म्हणून जी केवळ मंद गतीत तापते, तिच्या पंख्याकडे पाहावे. जी वेगातही तापते, तिला पंखा कितीही मोठा लावला तरी व्यर्थ. तेथे दोष पाण्याच्या वाटेत असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी, आम्ही शेखाडीच्या बाजूस समुद्रकाठच्या रस्त्यावर गाडी पिटाळली. डावीकडे समुद्र, समोर गार वारा, आणि आमची नजर काट्यावर. वेग साठाच्या घरात ठेवला तसा काटा सावकाश वर सरकू लागला. भर वाऱ्यात गाडी तापत होती. चिरंजीवांच्या चौदा इंची पंख्याचा आणि शेजाऱ्यांच्या अधिक पात्यांचा एकदमच निकाल लागला.

रेडिएटर उतरवून त्याची वरची टाकी उघडली, तेव्हा आतील दृश्य पाहून आम्ही वरमलो. पाणी तापविण्याच्या जुन्या बंबाच्या तळाशी जसा पांढरा थर बसतो, तसा थर नळ्यांच्या तोंडाशी बसला होता. कित्येक नळ्या साफ बुजल्या होत्या. रेडिएटरचे सारे सामर्थ्य या बारीक नळ्यांत असते. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख याने जो मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला, त्यात आठ हजारांवर इवल्याशा चौकोनी नळ्या होत्या आणि पाठीमागे एक पंखा होता. थोडेसे पाणी पुष्कळशा वाऱ्याच्या संगतीस आणावे, हे त्या युक्तीचे मर्म. नळ्याच बुजल्यावर वारा संगत कोणाची करणार?

"पाणी कुठलं घालता?" मिस्त्रींनी विचारले.

पाणी आमच्या वाडीतील विहिरीचे. सुपारीस ते उत्तम मानवते. परंतु समुद्रकाठचे ते जड पाणी तापले की क्षार मागे ठेवते. वडिलांच्या हयातीत गाडीच्या डिकीत गाळलेल्या पावसाच्या पाण्याने भरलेली एक बरणी नेहमी असे. पहिले दोन पाऊस सोडून तिसऱ्या पावसाचे पाणी धरावे, असा त्यांचा नियम होता. त्यास आम्ही वडिलांच्या अनेक विक्षिप्तपणांपैकी एक समजत होतो. ते गेल्यावर बरणीत लोणचे पडले आणि रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी. गाडी आजारी पाडण्याचे श्रेय तेव्हा सर्वस्वी आमचे आहे. वडिलांचा पंखा बदलू नये म्हणून जो इसम हिरिरीने भांडत होता, त्यानेच वडिलांचा नियम कोणास न विचारता मोडला होता!

दोन्ही टाक्या सोडवून, नळ्यांतून बारीक पट्ट्या घालून रेडिएटर साफ झाला. नवा थर्मोस्टॅट आला. शुद्ध केलेले पाणी आणि शीतक द्रव यांचे मिश्रण भरले. पुन्हा समुद्रकाठी धावलो, तो काटा निम्म्यावर निश्चल. आम्ही विजयी मुद्रेने परतलो आणि पंख्याचा प्रश्न निकालात निघाला असे जाहीर केले. मिस्त्री म्हणाले, "आता अर्धा तास बाजारात उभी करा. इंजिन चालू ठेवून."

अर्ध्या तासात काटा पुन्हा तीन चतुर्थांशापर्यंत चढला. म्हणजे चिरंजीवही अगदीच चूक नव्हते. पंखा हवा होता. फक्त तो पहिला उपाय नसून शेवटचा होता.

आता निवड खरोखरीची झाली. जुना पंखा काढून मोठा विजेचा बसवावा, तर तो बारा ते पंधरा अँपियर खाणार. आणि आमच्या गाडीत जुना डायनॅमो आहे, जो मंद गतीत जवळजवळ काहीच देत नाही. घाटात पंखा चालायचा तो बॅटरीच्या जिवावर, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत बॅटरी रिकामी. शिवाय विजेचा पंखा वाटेत बंद पडला तर मागे आधारास कोणी नाही. पट्ट्याचा पंखा आळशी खरा, पण पट्टा शाबूत आहे तोवर तो रजा घेत नाही. अधिक पात्यांचा पंखा वारा अधिक देईल, परंतु वजनाने पंपाच्या बेअरिंगवर भार टाकील आणि वेगात विनाकारण शक्ती खाईल.

मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. प्रथम जुन्या पंख्याभोवती पत्र्याचे कडे करवून घेतले. कडे नसले तर पंखा कडेकडेने तापलेलीच हवा पुन्हा ओढतो. कडे असले की रेडिएटरच्या सर्व अंगातून हवा खेचावी लागते. या एका कड्याने, एक पैचीही वीज न खर्चता, निम्मे काम केले. मग रेडिएटरच्या पुढच्या बाजूस एक दहा इंची मदतनीस पंखा बसविला, ऐंशी वॅटचा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो सात अँपियरहूनही कमी घेतो. त्यास स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र रिले, आणि चालकाच्या हाताशी एक बटण. तो नळ्यांतून प्लॅस्टिकचे बंध ओवून न अडकवता लोखंडी पट्ट्यांवर चौकटीस बसविला. कारण थरथरीने असे बंध नळ्या कापतात. पुढे बसविलेला पंखा वेगात वाऱ्यास थोडा अडथळा करतो, हे खरे. म्हणूनच तो लहान घेतला.

प्रथम बटण दाबले तेव्हा मिस्त्रींनी जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीस चिकटण्याऐवजी उडून आमच्या तोंडावर आला. तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दोन पंखे एकाच रेडिएटरमधून परस्परांविरुद्ध फुंकीत होते. आमच्या घरातील गेल्या पंधरवड्याचे याहून हुबेहूब चित्र कोणा चित्रकारासही काढता आले नसते. तारा पालटल्या, आणि कागद जाळीस चिकटून बसला.

परतीच्या प्रवासात घोणसे घाट आला, तो सुट्टीच्या गाड्यांची रांग घेऊनच. काटा चढू लागताच बटण दाबले. काटा थबकला आणि तेथेच राहिला. चिरंजीवांनी समाधानाने खिडकीची काच खाली केली. वळण जवळ आले तशा मातोश्री म्हणाल्या, "तापली नाही वाटतं?"

त्या स्वरात आनंद होता की तक्रार, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. आम्ही गाडी कडेस घेतली. बॉनेट उघडण्याचे काहीच कारण नव्हते. तरी ते उघडले. दगडावर बसून मातोश्रींनी नातवास बाळाजी विश्वनाथांची हकीकत सांगितली. तीत वडिलांच्या हकीकतीहून दोन-तीन ठिकाणी फरक होता. तो आम्ही दुरुस्त केला नाही.

त्याच दिवशी गाडीने ताम्हिणीचा चढही कुरकुर न करता पार केला. विक्रीचा विषय पुन्हा निघालेला नाही. जूनमध्ये पुण्यास पाऊस सुरू झाला. पहिले दोन आम्ही जाऊ दिले. तिसऱ्यास गच्चीवर पातेले ठेवले. रेडिएटरमध्ये आता शुद्ध पाणी व शीतक असल्यामुळे पावसाच्या पाण्याची तशी आवश्यकता नाही, हे चिरंजीवांनी आम्हांस सप्रमाण पटवून दिले आहे. लोणचे दुसऱ्या बरणीत काढले आहे.