पाठीवरचं छप्पर

बंगळुरूचा पाऊस बहुतेक संध्याकाळचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या शहरावर चारच्या सुमारास ढग चढतात, तासभर धो धो कोसळतं आणि रात्री आभाळ पुन्हा मोकळं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरातही पुष्कळदा तीच तऱ्हा. सुमारे 920 मीटर उंचीवरच्या या शहरात वर्षाकाठी साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे इथल्या माणसाला पाऊस ओसरेपर्यंत आडोशाला उभं राहायची सवय असते. पण जुलैतल्या एखाद्या शुक्रवारी रात्री पश्चिमेची बस धरावी, तर पहाटे आपण ज्या पावसात उतरतो त्याला ओसरणं ठाऊकच नसतं. पश्चिम घाटातल्या आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तिथं आडोसा बरोबर घेऊनच चालावं लागतं. तो कोणता घ्यायचा, हे ठरवणं मला घाटातल्या वाटेइतकंच आवडतं.

कर्नाटकाच्या घाटमुलखात, म्हणजे मलनाडात, भातखाचरांत लावणीच्या दिवसांत गोरबु दिसतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे थर, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारं. आपल्या कोकणात आणि मावळात इरलं होतं, ते याचंच भावंड. वाकून रोप खोवणाऱ्या बाईची पाठ त्याखाली कोरडी राहते आणि पुढची बाजू पूर्ण उघडी. मला हे उघडेपण फार महत्त्वाचं वाटतं. काम करणारं अंग तापतं, घामेजतं. त्याला वारा हवा असतो. पाऊस वरून येतो, तेवढा वरच अडवायचा आणि बाकी अंग हवेला मोकळं ठेवायचं. हातात धरावं न लागणारं छप्परच ते. धनगराची घोंगडीची खोळ आणि कन्नड मुलखातली कंबळी कोप्पे, दोन्ही याच घराण्यातल्या. छत्री आणि पोंचोही याच बाजूचे.

दुसरं घराणं कातडीचं. पाण्याला शिरकाव मिळू नये म्हणून अंगाभोवती दुसरी त्वचा चढवायची. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून बसवला आणि रेनकोटाला त्याचं नाव चिकटलं. आपल्याकडे 1920 मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफची सुरुवात केली. तिथला डकबॅक रेनकोट कित्येक मराठी घरांत खुंटीवर टांगलेला असे. या कोटांतून पाणी आत येत नसे, तसा घामही बाहेर जात नसे. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापलेली कांडी सावकाश ओढण्याऐवजी एकदम हिसका देऊन ताणली. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यांतून शिरू शकत नाही, पण वाफेचा रेणू सहज निसटतो. श्वास घेणारी जॅकेटं म्हणून आज दुकानांत हजारो रुपयांना जे टांगलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं या हिसक्यापासून निघालेलं आहे.

शोध थोरच आहे. पण त्याचं काम कसं चालतं हे पाहिलं, की आपल्या घाटात तो का थकतो ते कळतं. वाफ बाहेर जायला आतबाहेरच्या बाष्पदाबात फरक लागतो. बाहेर थंड, कोरडी हवा असेल तर घामाची वाफ ओढीनं निघते. जुलैच्या जंगलात हवा वीस-बावीस अंशांची आणि बाष्पानं गच्च भरलेली. ती आणखी फारसं काही घेऊ शकत नाही. त्यातच वरचं कापड भिजून जड झालं, तर छिद्रांवर पाण्याचा पडदाच बसतो. मग चढावर माणूस आतून भिजतो आणि जॅकेट गळतंय असं समजतो. वरच्या कापडावर थेंब मोत्यासारखे घरंगळताहेत की पसरून मुरताहेत, हे नळाखाली धरून पाहता येतं. मुरत असतील तर जॅकेट साध्या सौम्य साबणानं धुवावं, लेबलवर सांगितलंय तेवढी मंद ऊब द्यावी; पुष्कळदा तेवढ्यानं कापडावरचा पाणी झटकणारा लेप जागा होतो. नाहीतर नवा लेप द्यावा. जुन्या लेपांतली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळजवळ विरतच नाहीत. ज्या ओढ्याचं पाणी आपण ओंजळीनं पितो, त्याच ओढ्याकाठी हे कपडे झटकतो. म्हणून फ्लोरिनविना लेप मी आग्रहानं मागतो, तो थोडा लवकर झिजला तरी.

म्हणून झाडीतल्या वाटेसाठी माझी निवड छपराकडे झुकते. ऐसपैस पोंचो, पाठपिशवीसकट झाकणारा; किंवा वारा नसेल तेव्हा चक्क छत्री. जॅकेट घ्यायचंच तर बगलेत चेन असलेलं, सैल, पाठीमागे लांब. शिवणींना आतून पट्टी आहे ना, हे उलटून पाहावं. कापड कितीही भारी असलं तरी सुईची छिद्रं पाणी सोडतात. खाली लवकर वाळणारी अर्धी विजार आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जळवा अडवणारे मोजे. बूट भिजणारच. जे भिजणारच आहे ते पटकन निथळावं, इतकंच पाहायचं.

कुद्रेमुखाच्या वाटेवर मात्र शोलांची झाडी संपते आणि गवताळ उतार सुरू होतात, तिथं सगळा हिशेब पालटतो. शिखर सुमारे 1,890 मीटरवर. अरबी समुद्रावरून आलेला वारा त्या उघड्या धारेवर आडवा आदळतो, पाऊस खालूनही वर उडतो. इथं छत्री उलटते, पोंचो शिडासारखा फुगून माणसाला ओढतो. इथं कातडीच हवी, टोपीच्या नाड्या आवळून. भिजल्यानं माणसाचं फारसं बिघडत नाही. भिजलेल्या अंगावर वारा लागला की ऊब झपाट्यानं जाते. बोटं नाडीची गाठ सोडवेनाशी झाली, बोलणं अडखळू लागलं, तर तो गारठा गंभीर असतो, मग पारा पंधरा अंशांवर का असेना.

आणि नावेतला पाऊस आणखी निराळा. रात्री बंगळुरूहून तालगुप्प्याची गाडी पकडली की सकाळी शरावतीच्या जलाशयाकाठचं होन्नेमरडू जवळ येतं. 1964 मध्ये लिंगनमक्कीचं धरण झालं आणि शरावतीच्या खोऱ्यातली गावं, शेतं, रानं पाण्याखाली गेली. टेकड्यांचे माथे तेवढे बेटं होऊन उरले. त्या बेटांवर कॅनूनं जाऊन तंबू टाकता येतो. आपण ज्यावरून वल्हं मारतो ते कुणाचं तरी अंगण होतं, ही जाणीव तिथं सतत सोबत असते, आणि असावीच.

नावेत माणूस बसलेला असतो. त्यामुळे पाणी मांडीत साचतं. जॅकेटपेक्षा विजार महत्त्वाची ठरते. हात सतत खांद्याच्या वर जातात, वल्ह्यावरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. मनगटाला घट्ट आवळता येणारी बाही हवी. लाइफ जॅकेट पावसाळी जॅकेटच्या वरून घालायचं, कधीच आतून नाही. पोंचो इथं घेऊ नये. नाव उलटली तर तो हातापायांत, डोक्याभोवती गुरफटतो. गमबूट पाण्यानं भरतात. टोपी इतकी खोल नको की मागच्या वल्हेकऱ्याची हाक ऐकू येणार नाही. रंग पिवळा किंवा नारिंगी, करड्या पाण्यावर लांबून दिसणारा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. पहिली वीज चमकली की काठ गाठायचा.

नावेचं एक औदार्य आहे. पाठीवर जे ओझं सोसत नाही ते ती सहज वाहते. म्हणून होन्नेमरडूला मी घोंगडी नेतो. दख्खनी मेंढीची, काळी, खरखरीत, भिजली तर उचलवणार नाही अशी जड. डोंगरावर ती नेणं झेपणार नाही. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊबही सोडते. गुराखी आणि मेंढपाळ ती पिढ्यानपिढ्या पांघरत आले, त्यामागे हा सगळा अनुभव आहे. बेटावर ताडपत्री ताणून झाली, चहा झाला, की ती अंगावर घेताना मला गोरबु विणणाऱ्या हातांची आणि घोंगडी विणणाऱ्या मागाची आठवण येते. पाऊस त्यांनी नीट ओळखला होता.

शेवटी पावसाळी सामानातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रात्रीचा कोरडा जोड. एक सदरा, एक विजार, लोकरीचे मोजे. हा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी अंगावर चढवायचा नाही. सकाळी ओलेच कपडे परत घालायचे. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो, मग वल्हं हातात आलं की शरीर स्वतःची ऊब करतं. आणि कोरडा जोड पुन्हा पिशवीत, आतली हवा दाबून, तोंडाला तीन घट्ट घड्या घालून, बकल लावून, नावेला दोरीनं बांधून. त्यानंतरच नाव पाण्यात लोटायची.