हार्डविक हॉल : काही टिपणे

१. इंग्लंड, परगणा डर्बीशायर. टेकडीवर एक उंच घर. काम १५९०ला सुरू झाले, १५९७ला घरमालकीण राहायला आली. बेस ऑफ हार्डविक. चार वेळा लग्न, चार वेळा वैधव्य. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल. तो वारला त्याच वर्षी हे काम निघाले.

२. छतावर सहा मनोरे. त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली दोन अक्षरे, ई आणि एस. एलिझाबेथ श्रूजबरी, म्हणजे बेसच. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात.

३. घरभर मोठमोठ्या खिडक्या, आणि काच तेव्हा महाग. बाईंचा स्वतःचा काचेचा कारखाना होता. दगडाची खाणही स्वतःची.

४. वर जावे तशा खिडक्या उंच होत जातात. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि नोकरचाकर, मधल्या मजल्यावर बाई, सगळ्यात वर मानाचे दालन. दगडी जिना घरभर वळणे घेत तिथे पोचतो. ताटेही याच वाटेने वर जात. गरम काय राहत असेल!

५. वरच्या दालनात गिलाव्यात उठवलेले रंगीत अरण्य, त्यात शिकारीची देवता डायाना. शेकोटीच्या वर राजचिन्ह. एलिझाबेथ राणीसाठी एवढा थाट. राणी कधी आली नाही.

६. बाहेरून डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. त्यापायी काही खिडक्यांमागे खोली नाही, धुराडे आहे.

७. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. मूळचा गवंडी. जुन्या घरांत मुख्य दालन दर्शनी भिंतीला समांतर असे आणि एका टोकाने आत शिरावे लागे. इथे ते आडवे फिरवून थेट दाराच्या रेषेत आणले आहे. घरातला खरा नवेपणा मला इथे दिसतो. काचेचे कौतुक जरा जास्तच झाले आहे.

८. लाँग गॅलरी या लांबलचक दालनासाठी बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा भिंतपडदे घेतले, राणीचा दरबारी ख्रिस्तोफर हॅटन याच्या वारसाकडून. सेकंडहॅन्ड. त्यांवर हॅटनचे कुलचिन्ह होते, त्यावर बाईंनी स्वतःचे चिकटवले. आणि त्या खर्चापोटी पाच पौंड किमतीतून कापून घेतले.

९. बाईंच्या वंशजांचा शिक्षक, तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज १६७९मध्ये याच घरात वारला.

१०. पुढच्या पिढ्या घराण्याच्या दुसऱ्या घरी, चॅट्सवर्थला रमल्या. इथे नव्या फॅशनने मोडतोड करायला कोणी फारसे फिरकलेच नाही. घर वाचले ते दुर्लक्षामुळे.

११. शेजारीच बाईंचे आधीचे घर, ओल्ड हॉल. त्याचे काम चालू असतानाच नव्याचा पाया खणला. जुन्याला आता छप्पर नाही.

१२. विसाव्या शतकात वारसाकर भरायला पैशांऐवजी घरच देऊन टाकले. १९५९पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

१३. उजेडाने कापड विरते. तेरा भिंतपडद्यांच्या जतनाला चोवीस वर्षे लागली, काम २०२३मध्ये संपले. आता एवढ्या खिडक्यांवर ऊन अडवणारे पडदे ओढून ठेवावे लागतात.