एका इलेक्टिव्ह विषयाला अनावृत पत्र

प्रिय एचसीआय, अर्थात ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन,

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या वेळापत्रकात तू बहुधा इलेक्टिव्ह म्हणून येतोस. कोडिंग नाही, गणित नाही, म्हणून पोरं तुला ‘स्कोअरिंग’ म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकतात. श्नायडरमनचे आठ सुवर्णनियम, नील्सनची दहा तत्त्वं, फिट्सचा नियम: सगळं फळ्यावरून जर्नलात आणि जर्नलातून एक्स्टर्नलच्या सहीखाली.

फिट्सचंच घे. पॉल फिट्स हा मानसशास्त्रज्ञ. १९५४ साली त्यानं लोकांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं सळई टेकवायला लावली आणि वेळ मोजली. माउस तेव्हा जन्मालाही आला नव्हता. जागा जितकी लहान आणि लांब, तितका हाताला पोचायला वेळ, एवढीच गोष्ट. आपल्या पेपरात त्यातलं फक्त लॉगरिदमचं सूत्र उरतं. ते बिनचूक लिहिणारी पोरंच प्रोजेक्टमध्ये ‘सेव्ह’ला खेटून ‘डिलीट’ ठेवतात, तेही करंगळीच्या नखाएवढं.

तू कळतोस तो समोर माणूस बसवल्यावर. मेसच्या हजेरीचं ॲप केलेल्या एका गटाला सांगितलं, मेसच्या काकूंच्या हातात फोन द्या, काम सांगा आणि गप्प बसा. काकूंनी स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं. लाल अक्षरांत उमटलं, ‘इनव्हॅलिड नेम’. कोडमध्ये ए ते झेडशिवाय दुसरं अक्षर चालणारच नव्हतं. “माझंच काहीतरी चुकलं असेल,” म्हणत काकू नाव पुसायला लागल्या. “अहो काकू, इंग्लिशमध्ये टाका ना,” असं म्हणत पोराचा हात फोनकडे गेलाच. डिझाइन फसलेलं असतं आणि माणूस स्वतःला बोल लावतो, हे डॉन नॉर्मननं १९८८च्या पुस्तकात सांगून ठेवलंय. त्या पोरानं त्यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती.

मराठी टाइप करायला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ‘स्वरचक्र’ कळफलक झाला. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती चक्रात का, कि, की, कु दिसतात, बोट हवं तिकडे सरकवायचं. बाराखडी येणाऱ्याला फारसं नवीन शिकावं लागत नाही. हे पवईत घडतं, आणि आपल्या नोट्समध्ये अजून एटीएमचंच उदाहरण!

चाचणीला पाच माणसं बसवली तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असं नील्सननं २००० साली लिहिलं. त्या पाचाच्या आकड्यावर बरेच वाद झाले. आपल्याकडे मुळात एकही माणूस बसत नाही, तेव्हा त्या भांडणात पडायची वेळ अजून आलेली नाही.

लेखी पेपर राहू दे. ओरलला मात्र व्याख्या विचारू नयेत. लायब्ररीतले मामा किंवा स्कॉलरशिपच्या खिडकीवरच्या मॅडम यांच्या हातात ॲप द्यावं आणि पोरांनी पाच मिनिटं तोंड बंद ठेवून नुसतं लिहून घ्यावं. मधे बोलला की मार्क कापायचे. एक्स्टर्नल बोलले तर काय कापायचं, ते विद्यापीठानं ठरवावं.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक मास्तर