डबीत लाळ नको, कफ हवा

लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळून टाकतात. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिकांत नेमकं काय चाललंय हे पाहायचं, तर पहिली अडचण तिथेच येते. पुण्यात मुलांच्या छातीच्या आजारांसाठी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ती मला कायम भेटते. लॅबला हवा असतो खोलवरचा चिकट बेडका, आणि डबीत येते लाळ. सूक्ष्मदर्शकाखाली हे लगेच उघडं पडतं, कारण तोंडाच्या अस्तरातल्या चपट्या पेशीच सगळीकडे दिसतात.

नऊ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. पंप चालू होता, तरी मधूनच रात्री धाप लागायची. स्टिरॉइडचा डोस वाढवायचा की नाही, हे डॉक्टरांना ठरवायचं होतं आणि त्यासाठी कफातल्या पेशी मोजून हव्या होत्या. आजींचा प्रश्न सरळ होता: “ताई, पाठीवर थापट्या मारून नाही का सुटत? आम्ही तर ओव्याचा शेक देऊन पाठ चोळतो.”

दम्यात नळ्या मुळातच आक्रसलेल्या असतात. मूल धापत असताना पाठ थोपटली, तर ते घाबरतं आणि नळ्या आणखी आवळू शकतात. म्हणून ही चाचणी मूल बरं असतानाच करायची. तेही आधी स्पायरोमेट्री करून, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजून. मग स्पेसर लावून नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंप. स्पेसरचा तो लांब डबा पाहून मुलगी म्हणाली, “घरी मी हा नाही लावत.” मी ते कागदावर लिहून ठेवलं.

थोड्या वेळाने पुन्हा फुंकून झालं, आकडा चांगला आला आणि नेब्युलायझर सुरू केला. साध्या सलाईनमध्ये मीठ 0.9 टक्के असतं, इथे 3 टक्क्यांचं वापरलं. जास्तीचं मीठ नळ्यांच्या अस्तरातून पाणी ओढून घेतं, कफ पातळ होतो आणि खोकला येतो. पण तेच मीठ दम्याच्या नळ्या आवळूही शकतं. म्हणून साल्ब्युटामॉल आधी द्यायचं आणि प्रत्येक फेरीनंतर फुंकर मोजायची. आकडा 20 टक्क्यांनी घसरला, तर चाचणी तिथेच थांबवायची.

यापुढचं काम हाताचं कमी, श्वासाचं जास्त. मुलीने नाक शिंकरलं, चूळ भरली. मग पोटाने संथ श्वास, एक खोल श्वास, क्षणभर रोखून धरणं, आणि उघड्या तोंडाने लांब ‘हाऽऽ’, आरशावर वाफ धरावी तसा. याला हफ म्हणतात. जोरात खोकताना नळ्या दाबल्या जाऊन मिटू शकतात. हफमध्ये घसा उघडाच राहतो, त्यामुळे कफ बारीक नळ्यांतून मोठ्या नळ्यांकडे सरकतो. मधेमधे तिला फ्लटर दिला. हे चिलमीसारखं छोटं उपकरण. त्यात फुंकलं की आतली पोलादी गोळी नाचते आणि तिची कंपनं छातीपर्यंत पोहोचतात. मुलीने स्वतःच छातीवर हात ठेवून ती कंपनं तपासली आणि आजींचाही हात तिथे नेला. पहिल्यांदा लाळच आली. पुढच्या एका हफनंतर घशात खरखर ऐकू आली, आणि मग डबीत पांढरट, तारेसारखा ताणला जाणारा गोळा पडला.

असा नमुना साधारण दोन तासांत लॅबमध्ये हाती घ्यावा लागतो. तंत्रज्ञ चिमट्याने घट्ट भाग वेगळा करतात, रसायनाने चिकटपणा विरघळवतात आणि पेशी मोजतात. शोध असतो इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. 1958 साली इंग्लंडमधल्या डर्बीच्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरांनी दाखवलं, की कफात या पेशी असणाऱ्या दमेकऱ्यांना स्टिरॉइडचा गुण येतो. मोठ्यांमध्ये पेशी मोजून औषध ठरवण्याला चांगला पुरावा आहे, मुलांमध्ये तो तितका भक्कम नाही. म्हणून प्रत्येक दमेकरी मुलाला या चाचणीतून जावं लागू नये. पण औषध चालू असूनही दमा आटोक्यात येत नाही, त्या मुलासाठी ती मागायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना हफ समजतच नाही त्या तान्ह्यांचं काय? केप टाउनमध्ये हेदर झार आणि सहकाऱ्यांनी अगदी एक महिन्याच्या बाळांतही खारं नेब्युलायझेशन, छाती थोपटणं आणि नाकावाटे सक्शन करून कफ मिळवला. तो शोध मात्र क्षयाचा होता. 2005 मध्ये त्यांनी दाखवलं, की असा एक नमुना जठरातून काढलेल्या तीन नमुन्यांच्या तोडीचा असतो. क्षयाचं ओझं वाहणाऱ्या आपल्या देशात या कौशल्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मुलीच्या कफात इओसिनोफिल भरपूर निघाले. डोसचं ठरवण्याआधी डॉक्टरांनी माझी नोंद वाचली आणि तिला घरचा पंप घरी घेते तसाच घेऊन दाखवायला सांगितलं. औषधाचा बराचसा फवारा घशातच अडकत होता. डोस तोच ठेवून स्पेसर लिहून दिला. आजींनी तो कसा धुवायचा ते विचारून घेतलं: साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि फडक्याने न पुसता हवेवर वाळवायचा, कारण पुसल्यावर येणाऱ्या स्थिर विजेने औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. महिन्याभराने पुन्हा स्पायरोमेट्री ठरली आहे.